इस्पितळातला दुसरा अंक

माझे वडील तोफखान्याच्या कामाला होते असं सांगितलं की पुण्या-मुंबईची माणसं एकदम सावरून बसतात. त्यांना वाटतं, मिशाबिशा असतील, बंदूक असेल. प्रत्यक्षात ते जबलपूरच्या कारखान्यात फिटर होते. तोफेची नळी ज्या गाड्यावर बसते तो गाडा जोडायचं त्यांचं काम. सकाळी भोंगा झाला की गढा नावाच्या वस्तीतल्या आमच्या गल्लीतून सायकली निघायच्या, त्यात त्यांचीही एक. डबा हँडलला, पँटला खाली क्लिप, आणि तोंडानं कुणाशी तरी हिंदीत वाद चालू.

घरात आम्ही मराठी बोलायचो, म्हणजे आम्हाला तरी ती मराठी वाटायची. आई अमरावतीकडची, वडील नागपूरचे. दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी सुरू व्हायची आणि आत आल्यावरही अर्धी तोंडातच राहायची. 'काहून गं, काय करून राहिली? चलो, पहले हात धुव,' हे आईचं एक अख्खं वाक्य. त्यात काही चुकतंय असं मला वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

इंटर झाल्यावर मला कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली. एका खोलीत मोठा बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, समोर आम्ही तिघी-चौघी. दिवा लागला की वायर उचलायची, भोकात घालायची, 'नंबर प्लीज' म्हणायचं. आमच्या मुख्य ऑपरेटर एक अँग्लो-इंडियन बाई होत्या. फुलाफुलांचा फ्रॉक, पायात कायम पांढरे बूट. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो आणि त्या आम्हा सगळ्यांनाच बेबी म्हणायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या कानातला हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला, मला पलीकडच्या खोलीत पाठवलं आणि तिथल्या फोनवरून माझ्याशी बोलायला लावलं.

"बेबी, तुम मुँह लटका के बोलती है," त्या म्हणाल्या. "हँसके बोलो. तार में सब सुनाई देता है."

मी हसून बोलले. मग म्हणाल्या, "अब दाँत मत दिखाओ, सिर्फ़ बोलो." असं त्यांनी माझ्याकडून महिनाभर घोटून घेतलं. आवाज चढवायचा नाही पण पोचवायचा, शब्दाचं शेपूट गिळायचं नाही, समोरचा ओरडला तरी आपण आपल्या जागेवरून हलायचं नाही. पुढे नाटकात माझ्या आवाजाबद्दल जे काही बरं म्हटलं गेलं, त्यातलं निम्मं त्या खोलीत घडलेलं आहे. मॅडमनी आयुष्यात एकही मराठी नाटक पाहिलं नव्हतं.

नाटकात मी आले ते मराठी मंडळामुळे. कारखान्यातली, रेल्वेतली, केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतली मराठी कुटुंबं मिळून गणपती करायची आणि वर्षातून एक मोठं नाटक. नाटक बसवायचे ते कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातले एक गृहस्थ. मूळ पुण्याचे, एकटेच राहायचे. आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणायचो. त्यांनी मला ऐकलं ते बोर्डावरच. एकदा लाइन जोडून मागितली आणि माझं नाव विचारून घेतलं. संध्याकाळी घरी आले, आईच्या हातचा चहा घेतला आणि वडिलांना म्हणाले, "तुमच्या मुलीला मी नाटकात घेतो."

वडील म्हणाले, "ते तिले विचारा."

एवढंच. परवानगी म्हणावी तर ती हीच. पण ते स्वतः कधी नाटकाला आले नाहीत. सलग तीन वर्षं मी मंडळाच्या नाटकात काम केलं; आई, मावशी, शेजारणी पुढच्या रांगेत; वडील मात्र घरी रेडिओ ऐकत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तू तिथं दुसऱ्याची बायको होऊन राहिली, दुसऱ्याची सून होऊन राहिली. मी काय पाहू?" रागानं नाही, खरोखरच अडचण सांगावी तसं.

मास्तरांनी माझी मराठी पहिल्या तालमीतच धारेवर धरली. मी 'काहून' म्हटलं की ते हातातली संहिता मिटायचे. "का," ते म्हणायचे. "नुसतं का." मग आम्ही 'का' घोटायचो. 'मला', 'तुला', 'करते आहे'. घरी गेले की सगळं पुन्हा मुळावर यायचं. मास्तर चिडत नसत, थकत असत.

मग एकाहत्तरची लढाई आली.

आमच्या गावाला लढाई बंदुकीच्या आवाजानं कळत नाही, भोंग्यानं कळते. भोंग्यांच्या वेळा बदलल्या. वडील एका पाळीला जाऊन दुसरी संपवून यायचे. हाताच्या रेषांमधलं काळं ग्रीस रविवारीही निघेना. आई खिडक्यांच्या काचांवर काळा कागद चिकटवायची, आणि सिहोऱ्याहून भाजी घेऊन येणाऱ्या बाया अंधाराच्या आत परत बस पकडता यावी म्हणून दुपारीच उठून जायच्या. एक्स्चेंजमध्ये दिवे एकामागून एक पेटत. सगळ्यांनाच सगळ्यात आधी लाइन हवी. एका साहेबांनी माझ्यावर असा आवाज चढवला की मी वायर भलत्याच भोकात घातली. मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. खांद्यावर हात ठेवला. "घबराहट आवाज़ में नहीं आनी चाहिए, बेबी. सामनेवाला पहले ही घबराया हुआ है." मी बोलत राहिले. आवाज थरथरला नाही, हे माझं मलाच ऐकू आलं.

मंडळाचं नाटक डिसेंबरात व्हायचं होतं. ते अर्थातच राहिलं. आमचा नायक रेल्वेत होता, त्याला घरी यायलाच मिळेना. लढाई लवकर संपली, पेढे वाटले गेले, खिडक्यांचे कागद उतरले. पण लष्करी इस्पितळ भरलेलं होतं. गाडीनं जखमी येत होते, आणि त्यांत मराठी मुलगे बरेच होते. मंडळातल्या बायका स्वेटर विणून नेऊन देत. एक दिवस त्या परत आल्या आणि मास्तरांना म्हणाल्या, "ती पोरं विचारतात, इथं मराठी बोलणारे इतके आहेत, तर काही कार्यक्रम का नाही करत?"

मास्तरांनी परवानगी मिळवली. पूर्ण नाटक नको, तासाभराचं काही करा, असं इस्पितळानं सांगितलं. म्हणून त्यांनी आमच्या नाटकाचा दुसरा अंक निवडला. त्यात गोष्ट साधी होती. धाकट्या सुनेला न्यायला तिचा भाऊ येतो, माहेरी सण आहे, आणि सासरची माणसं काही ना काही निमित्त काढून तिला सोडत नाहीत. हशा भरपूर होता. शेवटी मात्र भाऊ एकटाच परत जातो आणि सून दाराशी उभी राहून रडते. सून मी होते.

संक्रांत जवळ आली होती. आम्ही दुपारी गेलो. लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा, मधल्या जागेत आम्ही. पडदा नाही, मेकअप नाही, दार म्हणून दोन खुर्च्या. ज्यांना उठता येत होतं ते खाटांच्या कडेला बसले होते, काही भिंतीला टेकून कुबड्यांवर. त्याच दुपारी कारखान्याच्या कामगारांची एक तुकडी संत्री वाटायला आली होती. त्या तुकडीत वडील आहेत हे मला अंक सुरू झाल्यावर दिसलं. दाराजवळ उभे होते, हातात संत्र्यांची टोपली.

माझी पहिली दोन वाक्यं मी त्या टोपलीकडे बघतच म्हटली. मग पोरं हसायला लागली. सासूच्या प्रत्येक बहाण्याला वॉर्डातून उत्तरं येऊ लागली. "सोडा की तिला!" कुणीतरी ओरडलं. "अहो, रजा मंजूर करा!" त्यावर एवढा मोठा हशा झाला की वॉर्डातल्या सिस्टर धावत आल्या आणि मग त्याही तिथंच थांबल्या.

शेवटी भाऊ निघून गेला. मास्तरांनी बसवल्याप्रमाणे मी प्रेक्षकांकडे पाठ केली, दाराच्या खुर्चीला धरलं आणि हुंदके दिले. मंडळाच्या नाट्यगृहात या जागेला नेहमी शांतता पसरायची. इथंही पसरली. टाळ्या झाल्या. आम्ही नमस्कार केला.

माझ्या अगदी शेजारच्या खाटेवर एक जवान होता. माझ्याच वयाचा असेल. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. तो म्हणाला, "ताई, एक इचारू?"

"विचारा ना."

"तुमी रडत व्हता तवा कुटं गेलता?"

मला समजलंच नाही. "इथंच होते. दाराशी."

"न्हाई," तो म्हणाला. "मला दिसत न्हाई, म्हून मी कानानं तुमच्या मागं मागं चाललो व्हतो. सासू कुटं, तुमी कुटं, समदं ध्येनात येत व्हतं. आन् नेमकं रडायच्या वक्ताला तुमी हरवला."

तो साताऱ्याकडचा होता. तक्रार करत नव्हता. मागं काय झालं ते त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी मानेनं 'बघ' असं खुणावलं.

मी खाटेशेजारचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसले. भाऊ झालेल्या आमच्या माणसाला परत बोलावलं. त्यानं निरोपाचं वाक्य घेतलं, "येतो गं." आणि मी तो प्रसंग पुन्हा केला, फक्त त्या एका माणसासाठी. पाठ करायला जागाच नव्हती. हुंदक्यांत लपायलाही जागा नव्हती. भाऊ लांब जातोय, त्याला आपलं रडणं कळू नये म्हणून बाई जसं बोलेल तसं मी बोलले. "आईला सांग, मी बरी आहे." नाटकात हे वाक्य होतं. पण माझ्या तोंडून निघालं ते असं: "आईले सांगजो, मी मस्त हाव. काही फिकर नको करू म्हणा."

मास्तरांनी घोटून घेतलेलं सगळं एका क्षणात गेलं. मी रडलेच नाही, नुसती बोलले. जवान निजल्या निजल्या मान हलवत होता. मग त्यानं पट्टीखालून गालावर हात फिरवला आणि म्हणाला, "आता दिसलं."

मी वर पाहिलं तेव्हा वडील दाराजवळ नव्हते. ते दुसऱ्या टोकाच्या खाटांवर संत्री ठेवत होते, प्रत्येकाच्या हातात एकेक, आणि ज्यांना हात नव्हता त्यांना सोलून.

घरी येताना ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालले. गल्लीच्या तोंडाशी थांबले. मग म्हणाले, "तू ते तुह्या आईसारखं बोलली."

"चुकून निघालं, बाबा. मास्तर रागावतील."

"रागावू दे."

मास्तर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनची लाइन मागितली आणि जोडून झाल्यावर म्हणाले, "कालच्यासारखं काम मला बसवता येत नाही. तू पुण्याला जा. तिथल्या एका नाटक कंपनीला मी पत्र टाकतो."

त्या जवानाची पट्टी पुढे सुटली. एका डोळ्याला नजर आली. आम्ही बायका तिळगूळ घेऊन गेलो तेव्हा मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि बोलले. त्यानं आवाज ओळखला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मला वाटलं व्हतं तुमी उंच असाल." मी इतकी हसले की सिस्टरनं मला बाहेर काढलं.

पुण्याला जायचं म्हणजे सरकारी नोकरी सोडायची. आमच्या घरात असं कधी कुणी केलं नव्हतं. आई घाबरली, आणि तिचं घाबरणं बरोबरच होतं. मी स्वतःही आठवडाभर मनातून 'नाही' म्हणत होते. एका संध्याकाळी वडील हात धूत असताना म्हणाले, "नोकरी मी केली नं. घरात एकानं केली तं पुरे."

मॅडमनी मला राजीनामा देऊ दिला नाही. त्यांनी साहेबांशी भांडून बिनपगारी रजा करवून घेतली. "छह महीने में वापस आ गई तो कोई नहीं हँसेगा," त्या म्हणाल्या. "और नहीं आई तो मैं हँसूँगी." मी परत गेले नाही. त्या हसल्या असणार.

वडील मला पोचवायला आले. इटारसीला गाडी बदलताना त्यांनी माझी पेटी स्वतःच्या डोक्यावर घेतली. पुण्यात मास्तरांच्या बहिणीकडे माझी राहायची सोय झाली होती. त्या माउलीनं मला एका खोलीत ठेवलं आणि कधी पाहुणी वाटू दिलं नाही. नाटक कंपनीच्या दिग्दर्शकांनी पहिल्याच दिवशी मला एक उतारा वाचायला दिला. वाचून झाल्यावर म्हणाले, "आवाज आहे. भाषा मात्र धुऊन काढावी लागेल." वडील मागे बसले होते. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "धुवा. पण धुतलेलं पाणी अंगणातच मुरू द्या, बाहेर नका फेकू." दिग्दर्शक चमकून हसले. ते दोघं नंतर कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा प्यायला गेले.

पुढची काही वर्षं मी मोलकरणी केल्या, मैत्रिणी केल्या, तार घेऊन येणाऱ्या शेजारणी केल्या. दौऱ्यात बसच्या शेवटच्या बाकावर झोपले. भाषा स्वच्छ झाली, पुणेकरांनाही शंका येऊ नये इतकी. कुणी मला वाईट वागवलं असं सांगता येत नाही. उलट वरच्या नट्यांनी साड्या दिल्या, चुका सांगितल्या, एकीनं तर स्वतःचं एक वाक्य मला दिलं, कारण म्हणे ते माझ्या तोंडी जास्त शोभतं.

आणि मग एक चित्रपट आला. वर्ध्याकडच्या एका खेड्यातली गोष्ट. मी त्यात कापूस वेचणाऱ्या एका बाईची भूमिका करत होते, मुलगा शहरातून परत येतो ती आई. चित्रीकरण शेतातच. संवाद पुण्यात लिहिलेले, त्यामुळे खेडं कुठलंच नव्हतं. दोन वेळा शॉट झाला. दिग्दर्शक मान हलवत राहिले. मी धीर करून म्हटलं, "सर, ही बाई असं नाही बोलणार."

"मग कसं बोलेल?"

मी डोक्यावरची टोपली उतरवली नाही. मुलाचं काम करणाऱ्या पोराकडे पाहिलं आणि म्हटलं, "काहून आला बाप्पा एवढ्या उन्हाचा? जेवला का नाही? चाल, पहिले हात धुव."

कॅमेरा चालू नव्हता, तरी तिथं जमलेल्या गावातल्या बाया फिस्सकन हसल्या. आपल्या घरातलं ऐकल्यावर माणूस हसतं तसं. दिग्दर्शकांनी त्या दिवशीचं काम थांबवलं आणि माझी सगळी वाक्यं माझ्याबरोबर बसून पुन्हा लिहिली. लोक मला ओळखतात ते त्या चित्रपटापासून. नंतर मी पुष्कळ केलं. मालिका केल्या, आज्या केल्या. पण ती बाई मला आईकडून आयती मिळाली होती, त्यात माझी कारागिरी फार नाही.

तो चित्रपट जबलपूरच्या मंडळानं रविवारी सकाळी एका टॉकीजमध्ये दाखवला. मी मुद्दाम गेले होते. तोवर वडील निवृत्त झाले होते. त्यांनी कारखान्यातल्या आपल्या शॉपमधले जुने सोबती बोलावले. कुणी जवळच्याच कुंडम गावाकडचा, कुणी बिहारचा, एक सरदारजी. त्यांच्यापैकी कुणालाही मराठी येत नव्हती. मी आणि आई बायकांच्या बाजूला, आणि वडील दोन रांगा पुढे त्या सगळ्यांच्या मधोमध.

चित्रपट सुरू झाला आणि वडिलांनी तो हिंदीत सांगायला सुरुवात केली. हळू नाही, कारखान्यात यंत्राच्या आवाजावर बोलायची सवय असलेल्या आवाजात. "ये इसका लड़का है. शहर से आया है. अब ये पूछ रही, खाना खाया कि नहीं." लोकांनी शुक् शुक् केलं. मंडळाचे अध्यक्ष उठून गेले आणि त्यांच्या कानाशी काहीतरी म्हणाले. वडील म्हणाले, "अरे, इनको समझेगा कैसे?" आणि पुन्हा सुरू. मध्यंतरापर्यंत सगळ्यांनी नाद सोडला. मागच्या रांगेतली मराठी पोरं, ज्यांना घरातली मराठी कळायची पण धड बोलता यायची नाही, तीही वडिलांचंच ऐकत होती.

शेवटाकडे एक लांबलचक जागा आहे. मुलगा परत शहरात निघून गेलाय, बाई ओसरीवर बसून कापूस निवडते. संवाद नाही. तिथं वडील एकदम गप्प झाले. सरदारजींनी थोडं थांबून विचारलं, "अब क्या कह रही है?"

"कुछ नहीं कह रही," वडील म्हणाले. "तुम देखो."

बाहेर आल्यावर त्यांनी मला त्या सगळ्यांच्या पाया पडायला लावलं. सरदारजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, खिशातून रुमाल काढून आधी वडिलांना दिला आणि मग स्वतःचे डोळे पुसले. मग आम्ही सगळे, आईसुद्धा, खव्याची जलेबी खायला गेलो. वडिलांनी हलवायाला सांगितलं की ही माझी मुलगी आहे, सिनेमात आहे. हलवायानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "हिंदी वाले में कब आएगी?"

"क्यों?" वडील म्हणाले. "मैं हूँ ना बताने को."